पासवरचं नाव

यवतमाळ, दवाखान्याची धर्मशाळा
१८ जानेवारी १९५९

कौसल्याबाईले पंचफुलाचा जयभीम.

माझं अक्षर पाहून तुमी पत्र बाजूले ठेवसान, म्हणून पहिलेच सांगते, मी भांडायले लिहत नाई अन् बोलवायलेबी लिहत नाई. तुमाले कळावं, एवढंच.

भीमराजच्या बाबाच्या पायावर कापसाच्या जिनात रुईची गासडी पडली. गाडीत माल चढवत होते, दोर सरकला. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. दारव्ह्याच्या डॉक्टरनं पट्टी बांधली, मंग म्हणे यवतमाळले न्या. छोट्या आगगाडीनं आणलं. आता ते इथं खाटेवर हायेत. चेहरा जरा उतरला, बाकी बरं हाये. काळजीचं काम नाई.

भीमराजले वस्तीतल्या हंसाबाईजवळ ठेवलं, त्याची शाळा बुडू नये म्हणून. सत्यशीला अंगावर पिते, तिले संगं आणलं. ती तुमी पाह्यलीच नाई. तुमी घर सोडल्यावर झाली. वस्तीतले लोक अजूनबी तुमाले मोठी अन् मले लहानी म्हणतात. 'श्रावणची लहानी' म्हणून हाक मारतात, जशी काही मोठी आत चुलीपाशी बसली हाये.

इथं दवाखान्याच्या दारावर पाटी हाये. पहिल्या दिवशी तिच्यापुढं उभी राहून मी एकेक अक्षर जोडलं. रोग्यास भेटण्याची वेळ सायंकाळी चार ते सहा. एका रोग्याजवळ एका वेळी एकच इसम. लहान मुलांस आत आणू नये. खाटेवर बसू नये. मोठ्याने बोलू अगर रडू नये. मागचे लोक ढकलून राह्यले होते, पण सगळी वाचल्याशिवाय मी हालली नाई. तुमी चुलीपुढं राख पसरून माझं बोट धरलं नसतं, तर ती पाटी मले नुसती भिंत होती.

'इसम' मातर नाई समजलं. अनवरीले विचारलं. अनवरी म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या इकबाल मिस्त्रीची बायको, पांढरकवड्याची. मिस्त्रीचा हात ट्रकच्या इंजिनात भाजला. ती म्हणे, "इसम म्हणजे माणूस. घाबरू नको, बाई गेली तरी चालते."

लेकराले आत नेता येत नाई, म्हणून आमी दोघींनी वाटणी केली. चार वाजता ती जाते. पाचले ती बाहेर येते, मी सत्यशीलाले तिच्या मांडीवर देते अन् आत जाते. म्हणजे मले एकच तास भेटते. दारवान भीमसिंग लोखंडाच्या पट्टीवर टोले मारते, तवा सगळे उठतात. तो रोज पास पाहते, रोज विचारते, "रोग्याची कोण?" मी म्हणते, "घरवाली." मंग सोडते.

काही निरोप असला तर पाठवजा. नसला तरी चालते.

पंचफुला

•

यवतमाळ
२२ जानेवारी १९५९

बाई,

मागच्या पत्रात मी लिहलं, काळजीचं काम नाई. ते खोटं होतं. तवाच पायाची बोटं काळी पडली होती. आता खाटेजवळ जायच्या आधीच वास येते. मिस्त्री भला माणूस, तोंड तिकडं करून झोपते, पण काही बोलत नाई.

आज डॉक्टर मी असतानाच आले. पट्टी सोडली. मी पाह्यलं, मंग खिडकीकडं पाह्यलं.

डॉक्टर म्हणले, "श्रावण, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. विष वर चढलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

हे म्हणले, "मी हमाल हाओ साहेब. हमालाचा पाय काढला म्हणजे हमालच काढला. मंग उरलं काय?"

"जीव उरेल."

"खायले घालावं लागणारा जीव."

"तुमची बायको आहे, मुलं आहेत."

"म्हणूनच म्हणतो, नोको."

डॉक्टरनं माझ्याकडं पाह्यलं. बाहेर बोलवून म्हणले, "बाई, रोगी शुद्धीवर आहे, नाही म्हणतो आहे, आम्ही बळजबरी करू शकत नाही. तुम्ही समजवा. पण उशीर करू नका."

आता तुमीच सांगा, समजवू कसं? एक तास भेटते. त्यात खाटेवर बसायचं नाई, मोठ्यानं बोलायचं नाई, रडायचं नाई. मी जन्मात कोणाले रडल्याशिवाय काही समजवलं नाई. मी उभ्या उभ्या हळूच बोलत राह्यली. भीमराजचं नाव घेतलं, सत्यशीलाचं घेतलं. "पोरं मोठी होतील," म्हणले, अन् भिंतीकडं तोंड केलं. टोले पडायच्या जरा आधी तसेच भिंतीकडं पाहत म्हणले, "कौसल्येले विचार."

मले वाटलं तापात हायेत. कपाळाले हात लावला. ताप होता, पण डोळे साफ होते. म्हणले, "ती कापा म्हणली तर कापा."

पटकीच्या साथीत तुमी त्याईले मरणाच्या दारातून ओढून आणलं, हे मी ऐकून हाये. तवा मी या घरात आली नव्हती. तवापासून त्याईच्या मनात बसलं असंन, का जगावं का मरावं ते कौसल्येले विचारावं. मी त्याले काय करू? मी दोन लेकरं देली, पण हे मले त्याईनं कधी विचारलं नाई.

आणखी एक गोष्ट लपवली होती, तेबी सांगून टाकते. ज्या दिवशी आमी आलो त्या दिवशी मी बाहेर टांगेवाल्याजवळ होती. आत कारकुनानं त्याईले विचारलं, बायकोचं नाव काय. ते तापात होते. त्याईनं सांगतलं, कौसल्या. मी आत गेली तवर पास लिहून झालता. कारकुनानं माझ्या हातात देला, "घ्या कौसल्याबाई, हा हरवू नका." मी वाचला. तुमचं नाव वाचायले मले वेळ लागत नाई, तुमी पहिलं तेच शिकवलं होतं.

मी बोलली नाई. भेव वाटलं. म्हणलं, खरं सांगतलं अन् दवाखानेवाले म्हणले, एकाच बायकोले पास, जिचं नाव रोग्यानं घेतलं तिले, तर मी कुठं जाऊ? म्हणून रोज तुमच्या नावानं आत जाते. भीमसिंग म्हणते, "या कौसल्याबाई." मिस्त्री सोडून आतले सगळे मले कौसल्याच म्हणतात. भीमराजचे बाबाबी तसंच म्हणतात का, ते विचारू नका.

पंचफुला

•

यवतमाळ
२४ जानेवारी १९५९

बाई,

तुमचं उत्तर नाई. माझी पत्रं पोचली का नाई तेबी ठाऊक नाई. तुमच्या माहेरी झरीकडं टपाल उशिरा जाते म्हणतात, जंगलातल्या गावाले तर त्याहून उशिरा. म्हणून हे पत्र अनवरीच्या भावाजवळ देऊन राह्यली. त्याचं नाव अब्दुल गनी. त्याचा ट्रक लाकडं आणायले तुमच्या भागात जाते. तो म्हणे, तुमच्या भावाचं, उकंडाचं घर शोधून तुमच्याच हातात देईन. भरवशाचा माणूस हाये. तुमी त्याच्या ट्रकमधी बसून आल्या तरी चालते.

हो, मी तुमाले बोलवून राह्यली.

पाय घोट्याच्या वर काळा झाला. आज ते मंधातच काहीबाही बोलले, मंग शुद्धीवर आले, मंग पुन्हा तसंच. डॉक्टर म्हणले, "दोन दिवसांच्या वर मी थांबू शकत नाही, थांबण्यात अर्थ नाही."

अन् आज मी जवळपास धरली गेली. मी आत होती. बाहेर सत्यशीलानं टाहो फोडला. अनवरीले राहवलं नाई, ती खिडकीपाशी येऊन ओरडली, "पंचफुला! ये पंचफुला! पोट्टी ऐकत नाई माझं!" मी वळली. मोठ्या सिस्टर दोन खाटा सोडून उभ्या होत्या. त्याईनं मले वळताना पाह्यलं.

"पंचफुला कोण?" त्याईनं विचारलं.

वाटलं आता पास घेतील, बाहेर काढतील, मंग ह्याईच्या तोंडात पाणी कोण घालीन? तोंडातून निघालं, "माझी नणंद. ह्याईची बहीण. झरीहून येणार हाये, ती आली का म्हणून ती बाई विचारते."

सिस्टर माझ्याकडं पाहत राह्यल्या. त्या बाई कडक हायेत. काल एका म्हातारीनं पदराखाली भजे आणले, तर दारातून परत पाठवली. मले वाटलं झालं. पण त्या म्हणल्या, "बहीण येणार असेल तर लवकर बोलवा. बायकोचं ऐकत नाही, बहिणीचं तरी ऐकेल. ती कोणत्याही वेळी आली तरी मला सांगा. मी सोडीन आत."

आता हे खोटं मी बोलून बसली. तुमी आल्या तर काय करसान, ते मले ठाऊक नाई. खरं काय ते सांगायचा तुमाले हक्क हाये. पासवर तुमचंच नाव हाये.

खरं सांगू का? तुमी याव्या असं वाटते अन् येऊ नये असंबी वाटते. रात्रंदिवस तेच चालू हाये डोक्यात. तुमी दारात उभ्या राहून म्हणलं, 'मी कौसल्या, श्रावणची बायको,' तर मी कोण? त्या दारात मी कोणीच नाई. तिथं एकच जागा हाये. अन् नाई आल्या तर हे जातील. मंग मी सत्यशीलाले घेऊन दारव्ह्याले जाईन अन् भीमराज विचारीन, बाबा कुठं हायेत.

तुमाले माझा राग हाये, ठाऊक हाये मले. मलेबी तुमचा हाये. मी तुमाले घरातून काढलं नाई. दीक्षा घेतली त्या साली वस्तीतले जाणते घरी आले, म्हणले, "नव्या धम्मात दोन बायका बऱ्या दिसत नाईत, श्रावणभाऊ, काहीतरी इचार करा." हे मान खाली घालून बसले. मी काही बोलायच्या आत तुमीच म्हणल्या, "एकीनं निघायचं असंन तर जिच्या पदरात लेकरू नाई तिनं निघावं." अन् निघाल्या. एक लुगडं घेतलं अन् निघाल्या. कोणाले बोलायची फुरसतच देली नाई. भीमराज शाळेतून आला तर घरभर मोठी आई, मोठी आई करत फिरला. तुमच्या पदरात लेकरू नव्हतं काय? मंग तो कोणाचा होता? तुमच्याच पाठीवर मोठा झाला. त्याच्या मनाचं तुमी काहून नाई पाह्यलं?

जाऊ द्या. हे भांडण बसून करू. आता तेवढा वेळ नाई.

या बाई. तुमी आत जा. मी धर्मशाळेत बसून राहीन, आत यायचा हट्ट करणार नाई. तुमी सांगसान ते मी कोणापुढंबी मान्य करीन. फक्त त्याईले सांगा, कापा म्हणून.

पंचफुला

•

यवतमाळ
१२ फेब्रुवारी १९५९

बाई,

पहिले चांगली खबर. ताप उतरला. कालपासून हे पेज पिऊन राह्यले. जखम लाल हाये पण वास नाई. डॉक्टर म्हणले, "आता भीती नाही." मी त्याईले दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणले.

मंधातले दिवस कसे गेले ते नाई लिहत. पाय काढल्यावर पुन्हा ताप चढला तवा मले वाटलं, तुमाले उगाच एवढ्या दुरून आणलं, शेवटी व्हायचं तेच झालं. रोज दारात भीमसिंगच्या तोंडाकडं पाहत होती. त्याच्या तोंडावरून मले आधीच समजीन असं वाटे.

तुमी आल्या त्या दिवसाचं लिहते. तुमाले ते सगळं ठाऊक हाये, पण माझ्या डोळ्यानं कसं दिसलं ते ठाऊक नाई.

मी धर्मशाळेच्या ओट्यावर होती. अब्दुल गनीचा ट्रक धूळ उडवत थांबला, अन् लाकडाच्या गाडीतून उतरावं तशा तुमी पाठमोऱ्या उतरल्या. पाठ पाहूनच ओळखलं. मंग तुमी वळल्या, अन् मले तुमचे केस पांढरे दिसले. दोन वर्षांत एवढे कसे झाले? मी पाया पडायले वाकली, तर तुमी म्हणल्या, "पोट्टी आडवी येऊन राह्यली, सांभाळ तिले." बस. एवढंच बोलल्या. अन् सरळ दाराकडं.

चार वाजले नव्हते. भीमसिंगनं हात आडवा केला. "वेळ झाली नाही. रोग्याची कोण?"

मी तुमच्या मागं उभी होती, पास मुठीत. घामानं भिजला होता तो कागद. तुमी माझ्या मुठीकडं पाह्यलं. तवर सिस्टर बाहेर आल्या. त्याईनं विचारलं, "श्रावणच्या बहीण का तुम्ही? झरीच्या?"

मी पास पदराखाली लपवला.

तुमी म्हणल्या, "हो. पंचफुला माझं नाव. भाऊ हाये तो माझा."

असं म्हणल्या जसं काही जन्मापासून तेच हाये.

बाई, मी अडाणी, पण एवढं मले समजते. नवऱ्याले चारचौघात भाऊ म्हणलं तर ते तोंडात परत घेता येत नाई. तुमी घर सोडलं तवा परत यायले एक वाट होती. ती वाट तुमी त्या दारात, भीमसिंगच्या पुढं, बुजवून टाकली. मी म्हणलं होतं धर्मशाळेत बसून राहीन, अन् आतून मले वाटत होतं का तुमी खरं सांगू नये. तुमी नाई सांगतलं. त्याचा मले आनंद झाला, अन् त्या आनंदाची मले लाज वाटली. अजून वाटते.

तुमी आत गेल्या. मी बाहेर. बाहेर आल्या तवा सिस्टरले म्हणल्या, "हो म्हणला तो. अंगठा घ्या, मन बदलायच्या आधी." अन् ओट्यावर येऊन बसल्या. मी चहा आणू का विचारलं, मान हालवली. मी विचारलं, काय बोलल्या त्याईले? तुमी ऐकलंच नाई असं केलं. मंग सत्यशीला आपल्या मनानं रांगत तुमच्याजवळ गेली. तुमचं लुगडं धरून उभी राह्यली. तुमी तिच्याकडं पाह्यलंबी नाई, पण हात तिच्या पाठीमागं धरला, पडू नये म्हणून. मंग ती मांडीवर चढली, झोपली. आत त्याईचा पाय काढून राह्यले होते, अन् आपण दोघी एका ओट्यावर, मंधात एका माणसाची जागा सोडून, बसलो होतो. दोघींचे कान दाराकडं. कोणी पळत गेलं का मी उठून उभी राही. तुमच्या मनातलं मले तुमच्या हातावरून समजे. पोट्टीच्या पाठीवरचा हात थांबे.

सिस्टर आल्या, म्हणल्या, "झालं. जीव आहे." मी खाली बसली, रडली. पाटी दाराच्या आत लागू होते, बाहेर नाई. डोळे पुसून पाह्यलं तर तुमी पोट्टीले अनवरीच्या हातात देऊन राह्यल्या होत्या. अब्दुल गनीचा ट्रक निघत होता. मी धावली. तुमी वर बसल्यावर म्हणल्या, "हळद घालून दूध दे त्याले. अन् तू बी खात जा काही." एवढं बोलून पुढं पाह्यलं.

काल मी त्याईले विचारलं, बाई तुमाले काय बोलल्या? मले वाटलं पटकीच्या वेळची काही गोष्ट काढली असंन, का लेकरांची शपथ घातली असंन. ते हसले. हसताना दुखलं त्याईले. म्हणले, "कौसल्या म्हणे, 'मर. पण मेल्यावर दवाखानेवाले मढं पासवरच्या बाईच्या हाती देतात. पासवर माझं नाव हाये. मी तुले नेणार नाई, अन् पंचफुलाले देणार नाईत. पडून राह्यजो इथंच. तिचं नाव घेतलं असतं तर मराले मोकळा होता. आता जगून घरी जा, अन् तिचं नाव घ्याले शिक.'"

ऐकून मी खाटेवर बसली. खाटेवर बसायचं नाई हे मले आठवलंच नाई. सिस्टरनं पाह्यलं अन् त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

पंचफुला

•

दारव्हा
२० मार्च १९५९

बाई,

आमी घरी आलो. उत्तर तुमी देलं नाई, देसान असंबी वाटत नाई. तरी लिहते.

निघायच्या दिवशी मी मोठ्या सिस्टरजवळ गेली. म्हणलं, "बाई, एक सांगायचं हाये. माझं नाव पंचफुला हाये." त्या लिहत होत्या. मान वर केली. म्हणल्या, "मग ती कोण होती?" मी म्हणलं, "ती कौसल्या." मले वाटलं ओरडतील. त्याईनं माझ्या हातातला पास घेतला, फाडला, टोपलीत टाकला. म्हणल्या, "पट्टी रोज बदला. पाणी उकळून घ्या. जखमेवर माशी बसू देऊ नका." मी दारापर्यंत गेली तवा मागून म्हणल्या, "त्यांना सांगा, मी विचारलं म्हणून." तर सांगतलं तुमाले.

हे आता काखेत काठी घेऊन अंगणात फिरतात. परवा पडले. मी धावली, तर म्हणले, "थांब, मी उठतो." उठायले लय वेळ लागला. मी भिंतीले धरून उभी राह्यली, पण गेली नाई. हमालीचं काम गेलं. बसल्या बसल्या गोण्या शिवतात. पहिले दोन दिवस सुई बोटात घुसवून घेतली अन् शिव्या देल्या. आता शिव्या कमी झाल्या.

रात्री दचकून उठतात, पाय दुखते म्हणतात. जो नाई तो पाय. मी त्या रिकाम्या जागेवर हात फिरवते. तेवढ्यानं झोपतात. मले मातर झोप येत नाई. अजूनबी सहा वाजत आले का वाटते, दार बंद होईन.

वस्तीतले जाणते पाहायले आले. एकानं विचारलं, "दवाखान्यात झरीची कोण बाई आलती म्हणतात?" हे बोलायच्या आधी मी बोलली. मी म्हणलं, "आमच्या मोठ्या बाई आलत्या. त्या नसत्या आल्या तर तुमी आज चहा प्यायले नाई, खांदा द्यायले आले असते." चहा प्याले अन् गेले. मी बशा उचलत होती तवा हे म्हणले, "पंचफुला." मी म्हणलं, "काय?" म्हणले, "काही नाई." अन् गोणी शिवत बसले.

आता खरं काम लिहते. भीमराजले मी सगळं सांगतलं. कोण आलतं, काय केलं. तो मंग म्हणे, "मोठी आई यवतमाळपर्यंत आली अन् दारव्ह्याले काहून नाई आली?" त्याचं उत्तर तुमच्याजवळ हाये, अन् तुमी लिहत नाई. म्हणून मी त्याले घेऊन येऊन राह्यली. सत्यशीलाबी संगं हाये. ह्याईचं खाणंपिणं हंसाबाई पाहतील. अब्दुल गनी पांढरकवड्यापासून ट्रकमधी नेणार हाये.

तुमी दारातून परत पाठवलं तर परत जाऊ. आमाले सवय हाये, दारात उभं राहायची. पण लेकराले एकदा पाहू द्या. तो आठ वर्षांचा झाला. तुमी ओळखसान का नाई याचं त्याले भेव वाटते. रोज विचारते, "मी बदललो का?" मी म्हणते, "नाई." बदलला हाये.

मी निघून राह्यली म्हणलं तवा ह्याईनं गोणीतून मान वर केली नाई. टाका घालता घालता म्हणले, "तिले माझा जयभीम सांग." मी विचारलं, "कोणाचा म्हणून सांगू?" सुई थांबली. म्हणले, "भावाचा सांग."

मी सांगून देला, बाई. आता तुमी जाणा.

आमी रविवारी निघतो. अब्दुल गनी सांगत होता, उकंडाभाऊचं कुत्रं त्याच्या अंगावर धावलं. ते बांधून ठेवायले सांगजा. भीमराज कुत्र्याले लय भेते.

पंचफुला